हंगामी हेर

“धूर आहे म्हणजे माणसं आहेत. यात आणखी काय बघायचं, बाबा?”

रेवजी कुंभार जरा तोऱ्यातच बोलला. पावसाळाभर तो चाकावर मडकी करी आणि दसऱ्यानंतर गडासाठी टेहळणी. अशा हंगामी हेरांची नजर दरवर्षी पुन्हा घासूनपुसून द्यायचं काम निरंजनगिरी गोसाव्यांकडे असे.

दोघं गोसाव्यांच्या मठामागच्या टेकडीवर बसले होते. नदीपलीकडे शत्रूची छावणी. चुली पेटलेल्या, धूर सरळ वर चाललेला.

मागच्या झाडीत धान्याचे बैल खोळंबले होते. गडावरची कोठारं रिकामी, लेकरं नुसत्या पेजेवर. रेवजीनं “वाट मोकळी” म्हटलं की बैल निघणार होते. तो चुकला, तर धान्यही जाणार होतं आणि माणसंही.

“छावणी भरलेली आहे. बैल माघारी न्या,” रेवजी म्हणाला.

“तुझी बायको चूल पेटवते, तेव्हा धुरामागून काय येतं रे?”

रेवजी हसला. “तुम्ही संन्यासी माणूस. तुम्हाला चुलीची कसली चौकशी?”

“भिक्षा कुठून येते, लेका? सांग.”

“भाकरीचा वास येतो. मग... दारात कावळे. हाकलून हाकलून दमते बिचारी.”

“हं.”

रेवजीनं नदीपलीकडे पाहिलं... छावणीवर एकही कावळा नव्हता.

“रिकामी आहे! आपल्याला अडवायला नुसत्या चुली पेटवून ठेवल्यात!” तो उठलाच. “सोडू बैल?”

“न आलेल्या कावळ्याच्या भरवशावर?”

रेवजी पुन्हा खाली बसला. आता त्यानं घाई न करता पाणवठा न्याहाळला. उन्हं वर आली, तरी घागर घेऊन कुणी उतरलं नाही. घोडं पाण्यावर आलं नाही. काठावर एक बगळा अगदी निवांत उभा होता.

“दोघंचौघं असतील, चुलीत लाकडं सारायला,” तो हळूच म्हणाला. “वाट मोकळी आहे.”

गोसाव्यांनी मान डोलावली.

बैलांच्या गळ्यातल्या घंटा सोडवल्या आणि तांडा उताराला लागला. शेवटचा बैल गडाच्या दरवाजात शिरला, तेव्हा कुठे रेवजी जागचा उठला. त्यानं बाबांचे पाय धरले.

“घरी गेलं की नजर बोथटते, बाबा. पुढचा चातुर्मास इथं मठातच काढू द्या. रोज शत्रूकडे बघत बसेन.”

“नको रे... इथं तुला नुसता शत्रूच दिसेल. दारातले कावळे घरीच दिसतात.”