बारावा साचा

चाकणच्या एका कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या हिरा खंडागळेने पाइप घट्ट धरणारा साचा बनवला आणि मॅनेजर चितळकरांनी तो स्वतःच्या नावावर खपवला. ती भांडायला गेली, तर म्हणाले, "पुरावा आण."

जपानहून कंपनीचे मोठे साहेब मोरितासान पाहणीला येणार म्हणून सगळ्यांना जपानी शिकवत होते. हिराला दोनच वाक्यं आली होती. तिने ठरवलं, तेवढी बास.

मोरितासान साच्यावर खूश झाले. तोच हिराने साचा उचलून सगळ्यांसमोर विचारलं, "कोरे वा दारे नो देस का?" हे कुणाचं?

"वाताशी नो देस!" माझं! चितळकर छाती फुगवून म्हणाले.

हिराने बाकाखालची गोणी ओतली. वाकलेले, तडकलेले, फसलेले अकरा साचे. एक उचलून तिने पुन्हा तेच विचारलं.

चितळकरांनी हात झटकले. "छे! हे भंगार माझं नाही."

"वाताशी नो देस," हिरा म्हणाली. एकेक उचलत, अकरा वेळा.

मोरितासाननी अकरावा साचा निरखला, मग चांगला बारावा हातात घेतला आणि हिरासमोर धरून विचारलं, "कोरे वा दारे नो देस का?"

"वाताशी नो देस," हिरा बाराव्यांदा म्हणाली.