मुदत शिल्लक

त्या राज्यात उपचाराला चोच चालवायची तर परवाना लागे, आणि परवाना दोन वर्षांचा असे. तो संपला की टिटवी उपचारकाची परीक्षा घेई. पानाला पाडलेल्या बारीक भोकातून गवताची काडी ओवायची. काडी अडली, तर उपचार बंद.

उपचारक या परीक्षेला वैतागले होते. त्या दिवशी आजारी ताटकळत बसतात, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खोटे नव्हते. दवाखान्याचा प्रमुख होता गवा. त्याने सभा बोलावली आणि सगळ्यांची मुदत तीन वर्षांची केली. टिटवीला कुणी विचारले नाही. तीही परीक्षा घेऊन थकली होती, तिने हरकत घेतली नाही.

पावसाळा सरल्यावर तिला तळ्यावर बगळा दिसला. डोळ्यातला काटा काढावा तर त्यानेच, असा त्याचा लौकिक. मासा पायाशी होता, तरी त्याची चोच तीनदा नुसत्या पाण्यात गेली. तिने जवळ जाऊन हळूच विचारले, तर ऊन डोळ्यांवर येतंय म्हणाला. तिला त्याची कीव आली आणि भीतीही वाटली.

ती गव्याकडे गेली. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"जुन्या नियमाने त्याची पाळी आज असती," तो म्हणाला. "आता पुढच्या वर्षी आहे. एकट्यासाठी नियम वाकवला, तर बाकीचे काय म्हणतील?"

आठवडाभरात सशिणीने पिल्लाला बगळ्याकडे आणले. पापणीत बाभळीचा काटा रुतला होता, साधाच. काटा तिथेच राहिला, डोळा गेला. सशिणीने तक्रार केली, तेव्हा तिला बगळ्याचा परवाना दाखवण्यात आला. मुदत शिल्लक होती. टिटवीला तिच्याकडे बघवेना.

मग एका दुपारी करवंदीच्या जाळीतून जाताना खुद्द गव्याच्याच डोळ्यात काटा गेला. तो दवाखान्यात येताच बगळा लगबगीने पुढे झाला, तसा गवा दोन पावले मागे सरला.

"टिटवे, आधी याची परीक्षा घे," तो म्हणाला. "आत्ता. माझ्यासमोर."

टिटवीने पान धरले. काडी भोकाच्या शेजारून गेली. दुसऱ्यांदाही तशीच गेली. बगळ्याने मान खाली घातली. रांगेतले सगळे पाहत होते.

परवाना काढून घेऊ का, असे टिटवीने विचारले.

"मुदत संपल्यावर बघू," म्हणत गवा एक डोळा मिटून दूरच्या राज्याच्या वाटेला लागला.

टिटवी पान धरून तशीच उभी राहिली. बगळ्याने चोच धुतली आणि रांगेतल्या पहिल्या पाडसाला जवळ बोलावले.