लिंबू धरणारा हात

तालमीत नवी पोरं दाखल व्हायला आली होती. वस्ताद धोंडजी त्यांना कुस्ती, लाठी आणि दांडपट्टा यांतला फरक समजावत होते, तेवढ्यात जहागीरदार मानसिंगराव जोड्यांसकट आत आले आणि गरजले, “विद्या एकच, पट्टा! कुस्ती म्हणजे नुसतं मातीत लोळणं. ती बंद करा, नाहीतर तालीम बंद करतो!”

मग पट्टा काय असतो ते दाखवायला त्यांनी वस्तादांची लेक तुळसा हिच्या तळहातावर लिंबू ठेवलं आणि एका वारात त्याच्या दोन फोडी केल्या. तळहातावर ओरखडासुद्धा नाही!

“वाहवा, सरकार!” तुळसा मनापासून म्हणाली. “आता लिंबू तुम्ही धरा, पट्टा मी चालवते.”

तिनं पट्टा उचलताच जहागीरदारांनी हात पाठीमागं नेला. “तुझा वार मी कधी बघितलेला नाही!”

“तुमचाही मी आज पहिल्यांदाच बघितला, सरकार. तरी माझा हात हलला नाही. तो न हलवायला मी त्या मातीत लोळूनच शिकले.”

जहागीरदारांनी जोडे बाहेर काढून ठेवले, आखाड्यातली चिमूटभर माती कपाळाला लावली आणि म्हणाले, “वस्ताद, या पोरांबरोबर मलाही घ्या. कुस्तीपासून.”