भिंतीवरचे हात

फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात एक रंगारी होता. त्याच्या कापड रंगवायच्या कारखान्यात वडिलांपासून एक रीत चालत आली होती. नवा गडी कामाला लागला, की त्याचा पंजा पक्क्या लाल रंगात बुडवून भिंतीवर उमटवायचा. ज्याचा हात भिंतीवर, तो घरचा. त्याचं दुखणंखुपणं, लेकीचं लग्न, म्हातारपण, सगळं मालकाच्या घरचं. रंगारी लहान असताना थोरल्या गड्याने त्याचाही चिमुकला पंजा भिंतीच्या पायथ्याशी उमटवला होता.

पुढे रंगारी स्वतः मालक झाला. एकदा त्याचा मेहुणा पाहुणा आला. शहाणपण नुसतं उतू जात होतं!

"दाजी, काम आठ महिने आणि गडी बारा महिने? काम असेल त्या दिवशी माणूस बोलवा. दिवस मावळला की फाटकाबाहेर. नाहीतर मुळं धरून बसतो."

रंगाऱ्याला ते पटलं. जुने गडी मान खाली घालून निघाले. थोरला गडी फाटकाशी थबकला आणि सवयीने म्हणाला, "येतो, धाकले मालक."

भिंतीला चुना लागला. आता रोज नवे गडी येत. त्यांची नावं कोण विचारतो? "ए निळ्या मुंडाशा" म्हटलं की भागायचं. काम वाईट होत नव्हतं, खोटं कशाला बोला! पण कापड धुताना आता कुणी गात नसे. ती जुनी गाणी आठवली की रंगाऱ्याला करमायचं नाही.

एका संध्याकाळी गावातल्या नवऱ्या मुलींचे शालू कारखान्यामागे नदीच्या वाळूत वाळत होते. दिवस मावळला, गडी बाहेर पडले, आणि डोंगरात वळीव कोसळल्याने नदी एकाएकी फुगली. रंगारी एकटाच धावला. हाक मारायला तोंड उघडलं, तर एकाचंही नाव येईना.

"अरे, या रे कुणीतरी!"

गडी फाटकाबाहेर घुटमळले. एक जण म्हणाला, "मालक, दिवस मावळला. आत पाऊल टाकायचं नाही असं तुम्हीच सांगितलंय."

पूर्वी असा लोंढा आला, तेव्हा गडी जेवत्या ताटावरून उठून उष्ट्या हातांनी धावले होते. रंगाऱ्याला ते आठवलं. "या, मी सांगतो!" असं तो ओरडेपर्यंत शालू वाहून गेले. त्या वर्षी गावातल्या नवऱ्या जुन्या लुगड्यांत बोहल्यावर उभ्या राहिल्या.

सकाळी कारखान्यात शिरलेलं पाणी ओसरलं. भिंतीचा चुना धुऊन निघाला होता आणि खालचे लाल हात पुन्हा दिसत होते. सगळ्यांत खाली त्याचा स्वतःचा होता. रंगारी तिथेच बसून रडला.

गडी आले तेव्हा तो रंगाचं भांडं घेऊन उभा होता. निळ्या मुंडाशाला त्याने विचारलं, "बाबा, तुझं नाव काय?"

"सोनबा."

"सोनबा, हात पुढे कर."

सोनबाने हात मागेच ठेवला. "मालक, हे किती दिवसांसाठी?"

रंगाऱ्याने पायथ्याकडे बोट दाखवलं. "तो माझा हात. मी पोर होतो तेव्हाचा. चुन्याने झाकला, पुराने धुतला, तरी आहे."

सोनबाने हात पुढे केला.

त्याच दिवशी रंगाऱ्याने थोरल्या गड्याला निरोप धाडला. पण 'येतो' म्हणून गेलेला तो म्हातारा आता या जगात नव्हता.

तात्पर्य: ज्याला आपण उद्याचा भरवसा दिला नाही, तो आपल्या अडल्या वेळी धावून येईल अशी आशा कोणत्या तोंडाने धरावी?