अमात्याचे अनवाणी पाय

फार पूर्वी उत्पलनगरात पद्मरथ राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व भद्रगुप्त नावाने त्याचा महामात्य होता. राजाच्या आजोबांच्या काळापासून तो त्या पदावर होता. नगराच्या वरच्या अंगाला मोठा तलाव होता. पावसाळ्याआधी महामात्याने त्याच्या बांधाच्या पायथ्याने अनवाणी चालायचे, अशी तिथली रीत होती. तळव्यांना ओल लागली की बांध पाझरतो असे समजून डागडुजी होई. भद्रगुप्ताचे पाय कधी चुकले नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्याला त्याचा थोडा अभिमानही होता. बोधिसत्त्व झाला म्हणून काय, माणूसच तो!

त्या वर्षीही तो चालला. मागून गावकरीही अनवाणी चालले. “बांध कोरडा आहे,” तो म्हणाला आणि सर्वांनी त्याची री ओढली.

घरी आल्यावर पत्नी मालिनी त्याचे पाय धुऊ लागली. ती म्हणाली, “आज कुठला चिखल तुडवून आलात?”

“अगं, चिखल कुठला? सरळ बांधाकडून तर आलो.”

मालिनीने हळूच त्याचा हात धरून पायाच्या बोटांमधल्या ओल्या मातीला लावला. हाताला ओल लागली, पायांना ती लागलीच नव्हती. पाय बधिर झाले होते, आणि बांधाखाली गावेच्या गावे वसली होती.

तो तसाच उठून गावकऱ्यांकडे गेला. “तुम्हाला ओल लागली नाही का?”

गावप्रमुख चाचरत म्हणाला, “लागली, अमात्य. पण आपण कोरडा म्हणालात. आम्हाला वाटलं, आमचेच पाय चुकले.”

सर्वांनी मिळून बांध दुरुस्त केला. पाऊस आला, गावे वाचली. मग भद्रगुप्ताने राजमुद्रा पद्मरथापुढे ठेवली. राजाचे डोळे भरून आले. लहानपणी याच माणसाच्या खांद्यावर बसून त्याने आपले नगर पाहिले होते.

“तात, पद सोडू नका. बांधावर दुसरा कोणी चालेल.”

भद्रगुप्ताने भर दरबारात त्याच्या गालावरून हात फिरवला. “बाळा, पाय बधिर झाले ते होणारच होते. पण मी या आसनावर आहे तोवर ओल्याला ओले कोणी म्हणणार नाही. माझ्यावरच्या मायेपोटी तुझी गावे बुडतील.”

राजाने मुद्रा उचलली. त्याला फार रडू आले, तरी त्याने ती उचलली.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, “भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद, मालिनी म्हणजे राहुलमाता आणि तो महामात्य मीच होतो. लोक उठवतात तेव्हा कोणीही उठतो. लोक हात धरून बसवत असताना उठणे, याला नैष्क्रम्य म्हणतात.”