शांतवन मिस्त्री आणि पंचांचं बाक

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा करंजदऱ्याला गाडीरस्ता नव्हता आणि आपल्या देवळावर कौलांऐवजी गवत होतं. त्या काळी आपल्या ख्रिस्ती वस्तीत शांतवन नावाचा एक सुतार राहत होता. नाव शांतवन, पण डोकं कायम तापलेलं. सकाळी उठला की आधी रंध्यावर ओरडायचा, मग बायकोवर, आणि मग प्रार्थनेला बसायचा.

असं म्हणतात, की तो नुसत्या नजरेनं लाकूड मापायचा आणि ते केसभरही चुकायचं नाही. नांगर, पाळणे, तिफणी सगळं नजरेवर. कुबडी मात्र त्यानं कधी नजरेवर केली नाही. माणसाला समोर उभं करायचा, काखेपासून जमिनीपर्यंत सुतळी धरायचा आणि दोनदा मापायचा. वस्तीत पायानं अधू अशी सात माणसं होती आणि सातही जण शांतवनच्या कुबड्यांवर चालत.

त्यांतली एक सुवार्ता. शमुवेल पंचांची मुलगी, वय वर्षं चौदा. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय गेला होता. ती कुबड्यांवर ओढा ओलांडून दोन कोसांवरच्या शाळेत जायची. सातवीची फायनल परीक्षा जवळ आली होती. ती पास झाली की मास्तरीण होणार, हे तिनं ठरवून टाकलं होतं. वस्तीतल्या कुठल्याच मुलीनं तोवर असं काही ठरवलेलं नव्हतं.

त्याच वर्षी तालुक्याच्या बाजारतळावर मोठा मांडव पडला. लांबून कोणी उपदेशक आले होते. तीन दिवस रोगमुक्तीच्या सभा होणार, आंधळे पाहणार, लंगडे चालणार, अशी दवंडी फिरली. आपली सगळी वस्ती बैलगाड्या जुंपून गेली. तिसऱ्या दिवशी सुवार्ता मंचावर चढली. उपदेशकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, कुबड्या काढून घेतल्या आणि "चाल!" म्हणाले. ती चार पावलं चालली. घाबरलेलं लेकरू हजार माणसांसमोर चार पावलं चालणारच! लोकांनी आकाश दणाणून सोडलं. मग काय केलं त्यांनी? सगळ्यांच्या कुबड्यांचा ढीग रचला आणि साक्ष म्हणून पेटवून दिला.

असं म्हणतात, की शांतवन त्या आगीत शिरला आणि त्याच्या हाताला चटकासुद्धा लागला नाही. कोण म्हणतं असं? चांगले कोपरापर्यंत भाजले होते हात! भाजले, तरी दोनच कुबड्या बाहेर आल्या आणि त्याही अर्ध्या जळालेल्या. त्याच्या हातांचं मोल कमी करणारी असली कौतुकं मला खपत नाहीत.

गाड्या परत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सातही जण जमिनीवर. उपदेशक तोवर पुढच्या तालुक्याला पोचले होते. जाताना त्यांची माणसं सांगून गेली होती, की ज्यांचं दुखणं परत येईल त्यांचा विश्वास कमी पडला असं समजा, आणि ज्यानं पुन्हा कुबडी धरली त्यानं प्रभूला खोटं पाडलं. म्हणजे बघा, पाय त्या लेकराचा गेला आणि दोषही त्या लेकराचाच!

शमुवेल पंचांनी ते शब्द उराशी धरले. वाईट माणूस नव्हता तो. लेकीवर जीव होता, म्हणूनच तर इतका हट्ट. पंचमंडळ बसलं आणि ठराव झाला, की कुबडीसाठी कोणी शांतवनला लाकूड द्यायचं नाही.

शांतवन शमुवेल पंचांच्या दारात जाऊन उभा राहिला. "पंच, पोरीची परीक्षा बारा दिवसांवर आलीय. मला माप घेऊ द्या."

"ती बरी झालीय, मिस्त्री. तिनं विश्वासानं पाय टाकला की झालं."

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. सुवार्तानं पाय टाकला होता.

शांतवन घरी आला आणि त्यानं स्वतःच्या घराचं दार बिजागऱ्यांतून उतरवलं. दारातून दोन जोड निघाले. मग खाट मोडली. मग फडताळ, मांडणी, बायकोचं उखळ ठेवायचा पाट, शेवटी आढ्याचा एक वासा. असं म्हणतात, की पाच दिवसांत त्याचं घर आतून उघडं पडलं आणि त्याच्या बायकोनं, कृपाबाईनं, एका शब्दानं विचारलं नाही. हे मात्र खोटं. ती रोज विचारायची आणि रोज पुढचं लाकूड स्वतः काढून द्यायची. सहा जणांच्या कुबड्या झाल्या. पंचांच्या धाकानं ते लोक कुबड्या कडब्यात लपवून ठेवत आणि कोणी नसताना वापरत. बाप माप घेऊ देत नव्हता म्हणून सुवार्ता शेवटी राहिली, आणि तिची वेळ आली तेव्हा घरात काठीभर लाकूड उरलं नव्हतं, आणि विकत द्यायला कोणी तयार नव्हतं. परीक्षा परवावर आली होती.

रविवार होता. देवळात सगळे सतरंजीवर बसत, फक्त पंचांना पहिल्या रांगेत पाठीचं सागवानी बाक होतं. ते शांतवननंच केलेलं. पाळकसाहेबांनी सांगितलं, आज सुवार्ताच्या विश्वासासाठी प्रार्थना करू. सगळ्यांनी डोळे मिटले. सुवार्ता बायकांच्या बाजूला, भिंतीशी आईला टेकून बसली होती. आणि तेवढ्यात देवळात करवतीचा आवाज सुरू झाला.

असं म्हणतात, की त्या आवाजातून स्वर्गातलं गाणं ऐकू आलं. करवतीतून करवतीचाच आवाज येतो. लोकांनी डोळे उघडले, तर शांतवन बाकाची पाठ कापत होता आणि पंच ताडकन पुढे सरकून बसले होते.

"शांतवन!" पाळकसाहेब म्हणाले. "देवाच्या घरात करवत?"

"देवाच्या लेकाला ह्यो आवाज नवा न्हाई, साहेब. त्यानं सुताराच्याच घरात दिवस काढले."

शमुवेल पंच उठले. "तू प्रभूला खोटं पाडतोयस."

"खोटं बोलला तो मांडवातला माणूस!" शांतवन ओरडला. भाजलेल्या हातांना बांधलेल्या चिंध्या रक्तानं ओल्या झाल्या होत्या. "प्रभू मला काय खोटं बोलला न्हाई. मी बी रोज मागतो त्याच्यापाशी. पर मागून झालं की उठतो! तुमी समदे डोळे मिटून बसला हाय. ह्या पोरीसाठी कोण उठतंय? सांगा ना, कोण उठतंय?"

कोणी उठलं नाही. चाळीस माणसं होती, आणि एकही उठलं नाही! आपलेच पूर्वज ते, म्हणून मी झाकून ठेवणार नाही.

उठली ती सुवार्ता. उठली कसली, तिला उठता येत होतं का? तिनं आईचा हात सोडवला आणि सगळ्यांच्या मधून, जमिनीवर हात टेकत, पाय ओढत ती पुढे आली. दहा-बारा दिवस ती घरात अशीच फिरत होती, पण दाराआड. आता सगळ्या मंडळीनं पाहिलं, तिच्या बापानंही पाहिलं. गुडघ्यांवर सोलवटलेल्या जखमा होत्या. ती बाकाला धरून एका पायावर उभी राहिली आणि म्हणाली, "मिस्त्रीकाका, माप घ्या."

शांतवननं सुतळी धरली. एकदा मापलं, मग पुन्हा मापलं. मग तिथेच, वेदीसमोर, रंधा आणि पटाशी चालू झाली. पाळकसाहेब खाली बसले. कोणी बाहेर गेलं नाही. दीड तासात दोन कुबड्या उभ्या राहिल्या. फक्त काखेत लागतं म्हणून वर गुंडाळायला कापड हवं होतं, आणि ते शांतवनकडे नव्हतं. तेव्हा शमुवेल पंचांनी डोक्यावरचा फेटा उतरवला. टर्रकन फाडला. लेकीच्या पायाशी बसून त्यांनी दोन्ही कुबड्यांना स्वतःच्या हातानं फेटा गुंडाळला, घट्ट, पदर आत खोचून. एवढं केलं म्हणून मी त्यांना माफ करीत नाही, पण केलं ते सांगायला हवं.

मंगळवारी सुवार्ता परीक्षेला गेली. असं म्हणतात, की ओढा दुभंगला आणि तिला वाट मिळाली. अहो, चैत्र होता, ओढ्यात पाणी कुठलं असणार! आणि असंही म्हणतात, की पास झाल्यावर तिनं कुबड्या फेकल्या आणि ती धावत आली. ती कधीही धावली नाही. ती मरेपर्यंत कुबड्यांवर चालली आणि चालत शाळेत जाऊन तिनं या दऱ्यातल्या तीन पिढ्यांना अक्षर शिकवलं. देव चमत्कार करीत नाही असं मी म्हणत नाही. शांतवनही कधी म्हणाला नाही. तो रोज मागायचा.

आता लोक काय करतात ते ऐका. शहरातून गाड्या करून येतात आणि त्या पाठ नसलेल्या बाकाला दुखरा गुडघा लावतात. मोबाईलवर फोटो फिरतो, अकरा जणांना पाठवा म्हणजे आजार जाईल. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून एक बाई परवा बाकाजवळ झोपली होती. असला राग येतो! ज्या माणसानं हे थांबवायला बाक कापलं, त्याच्याच नावानं तुम्ही पुन्हा तेच करता?

आपल्या मंडळीत मात्र एक रीत आहे, आणि ती शांतवनच्या नावानं आजही चालते. आजाऱ्यासाठी कोणी प्रार्थना मागितली, की पाळक आधी विचारतात, "कोण उठतंय?" कोणीतरी उभं राहून आपण काय करणार ते सांगावं लागतं. कोणी दवाखान्यात सोबत जातं, कोणी रक्त देतं, कोणी त्यांची गुरं बघतं. तोवर प्रार्थना सुरू होत नाही. कोणीच उठलं नाही, तर सगळी मंडळी तशीच गप्प बसून राहते.

गेल्या पावसाळ्यात थिओफिलच्या बायकोसाठी प्रार्थना मागितली. तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, जायला दीड तास, यायला दीड तास. पाळकांनी विचारलं आणि कोणी हललं नाही. दहा मिनिटं गेली, वीस गेली. खुरपणी-भांगलणीचे दिवस, ज्याला त्याला आपलं काम. मला सगळ्यांचा असा संताप आला म्हणून सांगू! माणसं आहेत का दगड, दारात चारचाकी उभी असून कसे बसलेत मेले, असं मनात चाललं होतं. तिची म्हातारी सासू पदरानं डोळे पुसत होती. आणि मग माझ्या लक्षात आलं, की माझ्याही दारात चारचाकी आहे.

मी उठले. मंगळवार आणि शुक्रवार माझे, असं सांगितलं. मग पाळकांनी प्रार्थना सुरू केली.