माती खाणारा गोऱ्हा

जनावरांचं बोलणं ऐकायचं माणसांनी सोडून दिलं, त्या काळातली ही गोष्ट. एका गोठ्यात ढवळी नावाची गाय होती. अशी गुणी गाय पंचक्रोशीत नाही, असं मालकीण येईल-जाईल त्याला सांगायची, आणि ते ऐकून ढवळीला धन्य वाटायचं.

पण तिचा गोऱ्हा, तांबू, गव्हाणीखालची माती चाटायचा. त्याचं पोट फुगलं होतं आणि बरगड्या वर आल्या होत्या. ढवळीला त्याची लाज वाटे.

शेजारी बांधलेली म्हातारी शेळी एकदा तिला म्हणाली, "त्याला ढुशा मारू नकोस, बाई. मातीने पोटात जंत होतात हे खरं. पण अंगाला काही कमी पडलं की जीव मातीकडे वळतो. तुझं सगळं दूध चरवीत जातंय. थोडा पान्हा चोरून त्याच्यासाठी ठेव."

"मी पान्हा चोरू? मालकीण काय म्हणेल मला?" ढवळी म्हणाली.

शेवटी मालकिणीने तांबूच्या तोंडाला मुसकं बांधलं. माती खाणं बंद झालं. पोराला वळण लागलं म्हणून ढवळीला हायसं वाटलं. नवव्या दिवशी तांबू उठलाच नाही.

मालकिणीने त्याच्या कातड्यात पेंढा भरून घेतला आणि गायीने दूध देणं थांबवू नये म्हणून ते ढवळीपुढे उभं केलं. ढवळीला सगळं कळत होतं. चाटायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण जीभ पुढे गेलीच, आणि कासेत पान्हा उतरला.